भाषेवर बोलायचं नाही, हे कसं चालेल?
"विरोधी आमदारांनी भाषा सोडून रस्त्यांवर बोलावं" हे तुमचं म्हणणं अजिबात पटलं नाही. पहिलीपासून हिंदीचा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय अधिवेशन चालू नसताना आला. विरोध पेटला, तेव्हा २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी तो मागे घ्यावा लागला. सभागृहात जाब विचारला जाणार, ही धास्ती होतीच ना!

आणि रस्त्यांचंच म्हणाल, तर आपल्या नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधे सगळा प्रशासकाचा कारभार. नाशिकच्या सिडको भागात गटाराचं झाकण फुटलं तर धरायचं कोणाला? तेव्हा नगरसेवकच नव्हते. अशा वेळी आमदाराचा तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न, मोलाचा ठरतो. मंत्र्यांना उत्तर तरी द्यावं लागतं.