गोवा मुक्ती, १९६१ : सुरक्षा परिषदेतील अमेरिकेच्या भूमिकेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गोवा मुक्तीच्या आंतरराष्ट्रीय बाजूवर लेख लिहीत असून एका मुद्द्यापाशी अडलो आहे. शीतयुद्ध आणि पोर्तुगीज साम्राज्याचा अस्त या विषयांच्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

१५ मार्च १९६१ रोजी अंगोला या आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतीविषयीचा ठराव सुरक्षा परिषदेत मताला आला, तेव्हा केनेडी सरकारने नाटोतील आपला सहकारी असलेल्या पोर्तुगालविरुद्ध, तेही सोव्हिएत संघाच्या बरोबरीने, मत दिले. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक हे ठरावाचे उरलेले तीन पाठीराखे होते. बाकीचे सहा सदस्य तटस्थ राहिल्याने तो बारगळला. त्यानंतर नऊ महिन्यांनी, भारतीय सैन्य गोव्यात शिरले त्या १८ डिसेंबरला, याच अकरा सदस्यांपुढे पोर्तुगालची तक्रार आली. भारताने लढाई थांबवून सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी मांडला. बाजूने ७ आणि विरोधात ४ मते पडली; सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन यांच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला.

ही दोन मतदाने शेजारी ठेवून पाहिली तर मार्चमध्ये अमेरिकेसोबत असलेले चौघे डिसेंबरमध्येही एकत्रच दिसतात आणि मार्चमधले सहाही तटस्थ सदस्य डिसेंबरमध्ये ठरावाच्या बाजूने दिसतात. एका गटातून दुसऱ्या गटात गेलेला देश एकच, अमेरिका.

याचे नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरील, अमेरिका वापरत असलेला लाजेस हवाई तळ, ज्याच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपणार होती. हे कारण खरे असले तरी मला पुरेसे वाटत नाही, कारण मार्चमध्ये मत देतानाही अमेरिकेला त्या तळाची तेवढीच गरज होती. दुसरे कारण बळाच्या वापराचे. संयुक्त राष्ट्रसंघातील अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन यांनी आपल्या भाषणात, ही घटना संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंताची सुरुवात ठरू शकते, अशी भीती व्यक्त केली होती, आणि त्यांची कळकळ दिखाऊ होती असे मला वाटत नाही. मात्र आमसभेने १४ डिसेंबर १९६० रोजी ८९ विरुद्ध ० मतांनी वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा संमत केला, तेव्हा अमेरिका तटस्थ राहिली होती. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी गोव्याच्या बाजूने याच जाहीरनाम्याचा आधार घेतला. शिवाय १९५५ साली अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसोबतच्या संयुक्त निवेदनात गोव्यासाठी (वसाहत न म्हणता) ‘पोर्तुगीज प्रांत’ असा उल्लेख मान्य केला, त्याच सुमारास भारतात आलेले सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह गोव्याबाबत उघडपणे भारताची बाजू घेत होते. त्यामुळे डिसेंबर १९६१ मधील भूमिका हा धोरणातला बदल होता, की मार्चमधले मत हाच अपवाद होता, हे मला नीट ठरवता येत नाही.

केनेडी सरकारमध्ये आफ्रिकेकडे कल असलेले आणि युरोपकडे कल असलेले असे दोन गट होते; गोव्याच्या निर्णयात त्यांचा वाटा किती, हे दाखवणारी मूळ कागदपत्रे कोणी वाचली आहेत काय? तसेच डिसेंबर १९६१ मधील मराठी वृत्तपत्रांचे अग्रलेख कोणाकडे असतील, तर अमेरिकेच्या मतदानाविषयी त्यांत काय म्हटले होते, हे कृपया तारखेसह कळवावे. आठवणींपेक्षा त्या वेळचे लेखी साधन मिळाल्यास जास्त उपयोग होईल.