पंधरा दिवस घरी ठेवा, हा सल्ला नेमका कुणाच्या सोयीचा?

खाडीकाठ (गुहागर) :
आपल्या जिल्ह्याच्या पालक गटावर काल एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिले की, विशेष गरजा असलेल्या मुलांना जूनच्या मध्यावर शाळेत आणूच नये. वर्गाची घडी बसली, पावसाचा जोर ओसरला, म्हणजे पंधरा दिवसांनी आणावे, त्यातच त्यांचे आणि इतरांचे हित आहे. त्यावर माना डोलावणाऱ्यांची रांग पाहून उत्तर देणे भाग पडले. माझा मुलगा स्वमग्न आहे. वर्गाची घडी बसल्यावर तो गेला, तर त्या घडीत त्याला जागाच उरलेली नसते. खिडकीजवळचा कोपरा दुसऱ्याने धरलेला असतो, जोड्या जमलेल्या असतात. अशा मुलाला उशिरा नव्हे, सर्वांच्या आधी शाळेत न्यावे लागते. सुट्टी संपत आली की बाईंकडून किल्ली घेऊन आम्ही रिकामा वर्ग पाहतो, स्वच्छतागृहाची कडी तो स्वतः लावून-उघडून बघतो, आणि पत्र्यावर पाऊस कोसळताना होणारा आवाज त्याच वर्गात बसून ऐकतो. नवा गणवेश आधीच धुऊन मऊ करते आणि कॉलरमागची पट्टी उसवते, कारण ती टोचली की त्या दिवशी अभ्यास संपला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यताप्राप्त शाळांवर भेदभाव न करता प्रवेश देण्याची आणि मुलाच्या गरजेनुसार सोय करण्याची जबाबदारी टाकली आहे. ‘पंधरा दिवसांनंतर’ हे शब्द त्यात मला तरी सापडले नाहीत.

खडूफळा (संगमेश्वर) :
कायदा आम्हीही वाचला आहे. माझी शाळा द्विशिक्षकी आहे; पहिली ते चौथीचे वर्ग, पुस्तकवाटप, पोषण आहाराची नोंद आणि गळके छप्पर एकाच सकाळी दोघांनी सांभाळायचे असते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक अनेक शाळा फिरतात, ते आमच्या वाट्याला रोज येत नाहीत. मुख्याध्यापकांनी लिहिले ते कठोर असेल, पण खोटे नाही. शिवाय प्रवेशोत्सवाला ढोल-ताशा, गुलाबाचे फूल, मिरवणूक हे सारे करून त्याची छायाचित्रे वर पाठवावी लागतात. त्या गोंधळात तुमचा मुलगा बिथरला, तर बोल कुणाला?

सड्यावरचा (राजापूर) :
ढोलाचा एवढा बाऊ कशासाठी? शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा ही मुले कुठे असतात? कोकणात जन्मलेल्या मुलाला ढोल सोसवत नाही, हे काही पटत नाही. खरोखरच सोसत नसेल, तर विशेष शाळा कशासाठी आहेत?

खाडीकाठ :
शिमग्यात माझा मुलगा अंगणात उभा असतो, मजेत. पालखी वरच्या वाडीत असतानाच ढोल ऐकू येतो, मग एकेका घरी थांबत तो जवळ येतो. नको वाटले तर आजीजवळ माजघरात जाण्याची मुभा असते. शाळेच्या फाटकात तोच ढोल अचानक कानाशी वाजतो आणि मागे सरकायला वाव नसतो. फरक आवाजाचा नाही, आधी कळण्याचा आहे. राहिली विशेष शाळा. लक्षणीय (किमान चाळीस टक्के) दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे. त्यांतून निवड आम्ही करायची, आपण नव्हे.

सड्यावरचा :
म्हणजे एका मुलासाठी साऱ्या वाडीने आनंद गुंडाळून ठेवायचा. उद्या आरतीच्या झांजाही बंद करा!

जांभादगड (दापोली) :
झांजा वाजवा हो, खुशाल वाजवा. माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) आहे आणि तिला ढोल मनापासून आवडतो. शाळेला उतार बांधला आहे, कठडाही आहे. परंतु तो जिथे संपतो तिथे चिखल सुरू होतो आणि त्यापुढे शेवाळलेली पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. मे महिन्यात मी ती पाखाडी घासून घेते, जूनमध्ये ती पुन्हा हिरवी होते. पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी आले की आम्ही घरीच असतो, पण त्या दिवशी धडधाकट मुलेही घरीच असतात, त्यांना कुणी पंधरा दिवसांचा सल्ला देत नाही. इथे मात्र ढोलावरच रणकंदन चालले आहे.

खडूफळा :
ठीक आहे, ढोल मी बंद करू शकत नाही. वाजण्याच्या आधी मुलाला वर्गात बसवून घेणे मात्र माझ्या हाती आहे. एवढ्याने कुणाचा आनंद बुडत असेल, तर त्यांनी ढोलासह माझ्या घरी यावे. पण खाडीकाठ, ज्या बाईंनी तुम्हाला किल्ली दिली, त्यांची आंतरजिल्हा बदली झाली की पुढे काय? कोकणात बाहेरून आलेला शिक्षक गावाकडे जाण्याच्या रांगेत असतो आणि मुलाबद्दलचे सारे ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. गतवर्षी माझ्या वर्गातला एक मुलगा कोणत्या शब्दाने शांत होतो, हे मला दिवाळीनंतर कळले, तेही त्याच्या बहिणीकडून.

खाडीकाठ :
म्हणजे चूक व्यवस्थेची आणि घरी बसायचे मुलाने. तरीही मुद्दा मान्य आहे, नाइलाजाने. त्याला काय टोचते, कशाची भीती वाटते, पाणी मागायला तो कोणता हात करतो, हे मी लिहून देईन. शाळेने ते दप्तरी ठेवावे, बाईंच्या पिशवीत नव्हे.

खडूफळा :
द्या, परंतु एकाच पानात. चार पाने दिलीत तर पहिल्या आठवड्यात कुणीही वाचणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. आणि ढोल किती वाजता वाजणार, हे ज्या त्या शाळेत आदल्या दिवशीच विचारून घ्या.