सोळा नंबरचा घोळ

"मर्लिन मन्रो सोळा नंबरचे कपडे घालायची, आज तिला जाडी म्हटलं असतं" असं लोक म्हणतात, त्यात घोळ आहे. तेव्हाचा अमेरिकन सोळा आणि आजचा सोळा एक नव्हेत. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून कंपन्या त्याच मापावर छोटा आकडा चिकटवत गेल्या. तिच्या जपून ठेवलेल्या ड्रेसांची कंबर जेमतेम २२-२३ इंच भरते!

बाईच्या अंगकाठीकडे बघायची नजर खरी बदलली ती बॅलेत. इटालियन बॅले नर्तकी पिएरिना लेन्यानीचे जुने फोटो बघा: बुटकी, भरलेल्या मांड्या, दणकट पोटऱ्या. हिनेच १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. आज ऑडिशनला तरी उभी केली असती का, शंकाच आहे. काटकुळी, लांब पायांची नर्तकी रूढ झाली ती बरीच नंतर, मुख्यतः न्यूयॉर्कचा नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिन याच्यामुळे.