हवेत वाघ, धावपट्टीवर शेळी: चाकं आणि ब्रेकचे अनुभव येऊ द्या

फ्लाइट सिम्युलेटरमधल्या (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ, थोडक्यात सिम) डॉगफाइटवर, म्हणजे हवेतल्या झुंजीवर, सगळेच भरभरून लिहितात. पण पार्किंगपासून रनवेपर्यंत विमान धड नेता येत नाही म्हणून नवी मंडळी स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) सोडून देतात, त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. तर हा धागा फक्त जमिनीवरच्या भानगडींसाठी. विमान कोणतं, रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी) चालवायला पायाची पेडल आहेत की जॉयस्टिकचा ट्विस्ट (दांडी पिळणं), आणि शेवटी कशाने जमलं, एवढं लिहा. ‘सराव करा’ हा सल्ला कृपया नको.

सुरुवात मीच करतो. स्पिटफायरला पायाने दाबायचे ब्रेक नाहीतच. स्टिकच्या गोल मुठीवर एकच लिव्हर, ब्रेक हवेच्या दाबावर. रडर मध्यावर असेल तर दोन्ही चाकं सारखी धरतात, डावा रडर दिला की डावं चाक जास्त. म्हणजे आधी रडर, मग लिव्हर. तो कीबोर्डच्या बटणावर ठेवला तर ब्रेक एकतर शून्य नाहीतर पूर्ण, आणि विमान नाकावर. थ्रॉटलवरचा (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) रिकामा स्लायडर त्याला दिला, अर्धी लढाई तिथेच जिंकली.

रडरप्रेमी
नवी पेडल जोडली आणि विमान फुल थ्रॉटललाही ढिम्म हलेना. कंट्रोल्सच्या पानावर पाहिलं तर पाय न लावता ब्रेकची पट्टी पूर्ण भरलेली. अ‍ॅक्सिस (पेडलचा सिग्नल) उलटा केला, प्रश्न मिटला. दुसरी गंमत म्हणजे काही सिम्समध्ये पेडल एकदा हलेपर्यंत अ‍ॅक्सिस मध्यावरच धरला जातो, म्हणजे अर्धा ब्रेक लागलेला. मिशन सुरू झालं की दोन्ही पेडल शेवटपर्यंत दाबून सोडायची. विमान कायम एकाच बाजूला ओढत असेल तर त्या पेडलला सुरुवातीचा थोडा डेडझोन (जिथे दाबूनही काही होत नाही असा टप्पा) द्या.

शेपूटचाक
माझं प्रेम मेसरश्मिट १०९ वर, त्यामुळे भोग आलेच. तिची चाकं पंखांना नाही, धडाला जोडलेली. पंख काढले तरी विमान चाकांवर उभं राहायचं, दुरुस्तीवाल्यांची सोय! वैमानिकाच्या नशिबी मात्र दोन चाकांतलं तुटपुंजं अंतर. त्यात अशा, शेपटीखाली चाक असलेल्या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. शेपूट जरा बाजूला सरकली की ती आणखी सरकू पाहते आणि विमान गिरकी घेतं. तिथे ब्रेक दाबून काही होत नाही, उलट भर पडते.

मला हे जमलं ते असं: रनवेवर सरळ उभं राहिल्यावर शेपटीच्या चाकाचा लॉक, थ्रॉटल अगदी सावकाश, आणि नाक डावीकडे पळायच्या आधीच उजवा रडर. नाक पळाल्यावर दिलेला रडर उशिराचाच असतो. उतरल्यावरही विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय जागे ठेवायचे.

मस्टँगवाल्यांसाठी जाता जाता: स्टिक मागे ओढलेली असेल तर शेपटीचं चाक दोन्ही बाजूंना जेमतेम ६ अंश वळतं. काटकोनात वळायचंय? स्टिक पुढे ढकला, चाक मोकळं होतं. हे माहीत नसलेले लोक उगाच ब्रेकला शिव्या घालतात.

रात्रपाळी
मिग-२१. नाकाचं चाक स्टिअरिंगला जोडलेलंच नाही, नुसतं मोकळं फिरतं. उभ्या उभ्या वळत नाही. आधी थोडं चालू द्या, मग रडर आणि ब्रेकचा लिव्हर.

जेटकरी
एफ-१६ रनवे संपला तरी थांबत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा ब्रेकची नसतेच, जास्त वेगाने उतरल्याची असते. चाकं टेकल्यावर नाक लगेच खाली आपटू नका. अँगल ऑफ अ‍ॅटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखांचा कोन) ११ ते १३ अंशांवर धरून ठेवा, हवाच विमान रोखते. १५ च्या आसपास मात्र मागचं नोझल रनवेला घासेल. वेग १०० नॉट्सच्या आसपास आला की नाक टेकवा आणि मग ब्रेक. टॅक्सी करतानाही (जमिनीवर विमान चालवतानाही) ब्रेकवर पाय ठेवून चालू नका, तापतात. वेग वाढू द्या, एकदा नीट दाबा, सोडा.

खिडकीवाला
@शेपूटचाक, रडर उशिरा पडतो कारण खऱ्या विमानात शेपूट सरकलेली आधी बुडाला कळते, आपल्याला स्क्रीनवर दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. मी नाकाकडे न बघता रनवेच्या कडेकडे बघतो, फरक पडतो.

उलटा_जोर
विगेन (स्वीडिश लढाऊ जेट) घ्या! रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून विमान रोखणारी यंत्रणा) हवेतच निवडून ठेवायचा, नाकाचं चाक दाबलं गेलं की तो आपोआप उघडतो. फक्त वेग उतरला की वेळेत बंद करा, नाहीतर विमान मागे चालायला लागतं.