बँक पेन्शनरांना 'फुकटे' म्हणणाऱ्यांना उत्तर

गोदाकाठ
काल एका पोस्टमध्ये वाचलं: "बँकवाल्यांनी जन्मभर पगार घेतला, आता पेन्शन घेतात आणि वर ते वाढवूनही मागतात. सगळं आमच्या करातून. फुकटेपणाला काही मर्यादा?" खाली टाळ्या वाजवणाऱ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहितोय.

पेन्शन आम्हाला कुणी बक्षीस दिलेलं नाही. १९९५ ची बँक पेन्शन नियमावली आली तेव्हा ज्यांनी पेन्शन घेतलं त्यांनी पीएफमधला बँकेचा वाटा सोडला. तो पैसा पेन्शन फंडात गेला. ज्यांनी तेव्हा पीएफच ठेवला त्यांना बँका आणि संघटनांच्या २०१० च्या करारात पेन्शन घ्यायचा दुसरा ऑप्शन मिळाला, पण कसा? नोकरीत असलेल्यांकडून नोव्हेंबर २००७ च्या सुधारित पगाराच्या २.८ पट रक्कम घेतली. रिटायर झालेल्यांनी बँकेचा वाटा व्याजासकट परत करायचा आणि वर त्याच्या ५६ टक्के भरायचे. आमच्या शाखेच्या हेडकॅशिअरने त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. त्या माणसाला फुकट्या म्हणायचं?

आता अपडेशन, म्हणजे नव्या पगारकराराप्रमाणे जुन्या निवृत्तांचं मूळ पेन्शन सुधारणं. केंद्राच्या पेन्शनरांचं मूळ पेन्शन वेतन आयोगाबरोबर सुधारतं. रिझर्व्ह बँकेच्या निवृत्तांना २०१९ मध्ये अपडेशन मिळालं. आमचं बेसिक निवृत्तीच्या दिवशी गोठलं ते गोठलंच, हलतो तो फक्त डीए. तोही नोव्हेंबर २००२ पूर्वी निवृत्त झालेल्यांना २०२३ पर्यंत पूर्ण मिळत नव्हता. मी २००१ ला मॅनेजर म्हणून बाहेर पडलो. आज रिटायर होणारा सीनिअर क्लार्क माझ्याहून जास्त पेन्शन घेऊन जातो. त्याने खुशाल घ्यावं. पण त्याच १९९५ च्या नियमावलीच्या नियम ३५(१) मध्ये पेन्शन अपडेट करायचं असं लिहिलेलं असताना तो फक्त १९८६-८७ च्या निवृत्तांपुरता, हा अर्थ बँकांनी लावलाय, आम्ही नाही.

पगारदार_पुणेकर
काका, हिशेब अर्धाच मांडलात. २०१६-१७ ते २०२०-२१ या काळात सरकारने सरकारी बँकांत ३ लाख १० हजार कोटींच्या आसपास भांडवल घातलं. पेन्शन फंडात तूट निघाली की बँक ती आपल्या खिशातून भरते, आणि बँकेचा खिसा फाटला की सरकार, म्हणजे आम्ही. मी खाजगी कंपनीत आहे, मला ईपीएसचं, म्हणजे पीएफ खात्याच्या पेन्शन योजनेचं, जे काही मिळेल त्यात विजेचं बिल भागलं तरी खूप.

आणि २००१ म्हणजे व्हीआरएस, स्वेच्छानिवृत्ती ना? गलेलठ्ठ रक्कम घेऊन आपल्या मर्जीने घरी गेलात, मग आता तक्रार कसली? माझ्या आईला केवायसीसाठी एका सरकारी बँकेने इतके हेलपाटे घालायला लावले की शेवटी तिने खातंच बंद केलं. सर्व्हर डाऊन, साहेब रजेवर, फोटो जुना. या सेवेसाठी वाढीव पेन्शन?

वाईकर
केवायसीचा राग पेन्शनरांवर काढू नका हो. ते काउंटर सोडून कधीच घरी बसलेत. भांडवल का घालावं लागलं तेही सांगा की. बड्या उद्योगांची कर्जं बुडाली म्हणून. ती काउंटरवरच्या क्लार्कने मंजूर केली होती काय? याच बँकांनी २०२४-२५ मध्ये १ लाख ७८ हजार कोटींचा नफा मिळवला, सरकारने त्यातून लाभांश घेतला. तेव्हा कुणाला करदाता आठवला नाही.

गोदाकाठ
@पुणेकर, हो, व्हीआरएस. २०००-०१ मध्ये लाखावर लोक असे बाहेर पडले. "मर्जीने" हा शब्द जपून वापरा. रोज बदलीची धमकी ऐकत राहणाऱ्याची कसली मर्जी? आणि नियम २९(५) ची वाढीव पाच वर्षांची सेवा पेन्शनसाठी धरायला बँका तयार नव्हत्या. लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, निकाल २००९ ला आला. तोवर आमच्यातले किती जण गेले होते!

एनपीएसवाला
मी २०१३ ला बँकेत पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) म्हणून लागलो. दोन्ही बाजू वाचून संताप येतोय. गोदाकाठ सर, २७ एप्रिल २०१० ला तुम्हाला दुसरा ऑप्शन मिळाला, त्याच करारात १ एप्रिल २०१० पासून लागणाऱ्यांना एनपीएसमध्ये, म्हणजे बाजारावर चालणाऱ्या पेन्शन योजनेत, ढकललं. सह्या तुमच्या संघटनांच्या. त्या टेबलावर आमचं कुणी नव्हतं, कारण आम्ही तेव्हा नोकरीतच नव्हतो. बँकेचा हिस्सा १० वरून १४ टक्के झाला, ठीक. पण साठाव्या वर्षी जमलेल्या रकमेच्या काही भागाची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक पेन्शन, घ्यायची, तिला डीए नाही, आणि बाजार पडलेला असेल त्या वर्षी रिटायर झालो तर नशीब. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना निदान एप्रिल २०२५ पासून यूपीएस, म्हणजे खात्रीच्या पेन्शनची योजना, तरी आलं. आम्हाला तेही नाही. तुम्ही अपडेशन मागताय आणि आमच्याकडे अपडेट करायला पेन्शनच नाही.

गोदाकाठ
तुमच्यावर अन्याय झाला हे मी नाकारत नाही. पण मी २०१० ला घरी बसलो होतो, सही माझी नव्हती. माझं पेन्शन गोठवून तुमचं सुरू होणार असेल तर सांगा.

पतपेढी_कोल्हापूर
सगळे सरकारी बँकांचंच बोलताय. मी सहकारी बँकेत ३० वर्षं घासली. ईपीएस ९५. पगार कितीही असो, पेन्शनसाठी आधी ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,००० धरायचे, गुणिले सेवा, भागिले ७०. करा हिशेब. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे, त्यात एक दमडी वाढली नाही. ७,५०० च्या मागणीसाठी बुलढाण्यात म्हातारी माणसं साखळी उपोषणाला बसली. तुमचं अपडेशन, आमचं जगणं.

कृष्णाकाठची
मला अपडेशनमधलं फार कळत नाही. मिस्टर बँकेत होते, २०१२ ला गेले. फॅमिली पेन्शनला तेव्हा ९,२८४ ची कमाल मर्यादा होती, त्यावर डीए. २०२१ ला ती उठली आणि सरसकट ३० टक्के झालं तेव्हा जरा श्वास घेतला. पण मेडिक्लेमने सगळं खाऊन टाकलं. ऑक्टोबर आला की पोटात गोळा येतो, कारण १ नोव्हेंबरला पॉलिसी नवी होते. बेस पॉलिसी आणि त्यावरचा जादा विमा म्हणजे टॉप-अप मिळून माझं एका महिन्याचं पेन्शन पुरत नाही. गेल्या वर्षी टॉप-अप सोडला. गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय.

वाईकर
ताई, अगदी बरोबर बोललात. २०१५ च्या करारात ही योजना आली तेव्हा नोकरीतल्यांचा हप्ता बँकेने भरायचा आणि निवृत्तांनी स्वतःचा. वर्षागणिक वाढत कुठे गेलाय तो! त्यावर इतकी वर्षं १८ टक्के जीएसटी वेगळा.

पगारदार_पुणेकर
पण वय ७८, मधुमेह, बायपास झालेली, आणि तपासणीशिवाय पॉलिसी? बाहेर कुठे मिळते दाखवा. माझ्या वडिलांना तीन कंपन्यांनी दारातूनच परत पाठवलं. तुम्हाला निदान दार उघडं आहे.

गोदाकाठ
दार उघडं आहे आणि उंबरा दरवर्षी वर चढतोय. कारण समजून घ्या. निवृत्तांची पॉलिसी वेगळी ठेवलीय. त्यात सगळेच म्हातारे, सगळ्यांचेच क्लेम. कंपनी हप्ता वाढवते. वाढला की जे जरा धडधाकट आहेत ते बाहेर पडतात. उरतात फक्त आजारी, की पुढच्या वर्षी आणखी वाढ. असं करत करत ही पॉलिसी एक दिवस बंद पडेल. कामावरचे आणि निवृत्त एकाच पॉलिसीत घ्या, ही मागणी म्हणूनच आहे.

एनपीएसवाला
म्हणजे पुन्हा आमच्याच खांद्यावर! आमची पॉलिसी स्वस्त आहे कारण आम्ही तरुण आहोत. उद्या एकत्र केली, खर्च वाढला, की पुढच्या वेतनकरारात बँक म्हणणार, तुमच्या वैद्यकीय खर्चातच इतके टक्के गेले. १२ व्या वेतनकरारात १७ टक्के वाढ मिळाली, त्यातून किती वळते होतील?

वाईकर
साहेब, आज ना उद्या तुम्हीही त्याच म्हाताऱ्यांच्या पॉलिसीत येणार, तेही डीए नसलेल्या ॲन्युइटीवर. सगळ्यात जास्त गरज तुम्हालाच पडेल.

एनपीएसवाला
हे मात्र खरं. खरं आहे म्हणूनच जास्त राग येतो.

पतपेढी_कोल्हापूर
आम्हाला कुठलीच पॉलिसी नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का?

पगारदार_पुणेकर
मेडिक्लेमचं पटलं. निवृत्ताचा हप्ता बँकेने निदान अर्धा उचलावा, नफा आहे तर काढा. बास, इतकंच. अपडेशनचं पटलेलं नाही आणि पटणारही नाही. गोदाकाठ काका, 'फुकटे' हा शब्द माझा नव्हता, पण त्या पोस्टला मी टाळी दिली होती, ती काढून घेतो.

गोदाकाठ
टाळी ठेवा नाहीतर काढा, नियम ३५(१) एकदा मुळातून वाचा. कृष्णाकाठच्या ताई, तुमच्या बँकेच्या स्टाफ वेल्फेअर फंडातून हप्त्याला काही वाटा मिळतो का ते निवृत्तांच्या संघटनेकडे विचारा. काही बँका देतात, पण फॅमिली पेन्शनरांपर्यंत ते परिपत्रक पोचतच नाही. आणि गुडघा लांबवू नका.

कृष्णाकाठची
आमच्याकडे परिपत्रक येत नाही, बरोबर. मिस्टरांच्या नावाने येत असेल तर जुन्या पत्त्यावर जात असेल. सोमवारी शाखेत जाते.