घरच्या मिलिंगसाठी इलेक्ट्रॉनिक एज फाइंडर स्वतः बनवायचाय, सल्ला हवा

हौशी_फिटर:
नमस्कार मंडळी. घरी छोटं बेंच मिलिंग मशीन आहे, ईआर२५ कोलेटचं (कोलेट म्हणजे कटर धरणारी चिमटीसारखी नळी). जॉबची कड पकडायला सध्या पतंगाचा कागद लावतो. कटरने कागद ओढला की थांबायचं, कागदाची जाडी आणि कटरची त्रिज्या धरून शून्य लावायचं. काम होतं, पण वेळ फार जातो. कड लागली की दिवा पेटेल असं काही घरी करता येईल का? लेथ आहे, सोल्डरिंग येतं. साहित्य काय घेऊ?

टूलरूम_काका:
जरूर करा. यात सर्किट अगदी किरकोळ आहे: ३ व्होल्टचा बटण सेल, लाल एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर, संपलं. खरी कसोटी टोकाची आहे. स्पिंडल, बेअरिंग, कॉलम, टेबल, व्हाइस, जॉब हे सगळं धातूने एकमेकांना जोडलेलंच असतं. नुसती पिन कोलेटमध्ये धरून तार जोडलीत तर दिवा आधीपासूनच पेटलेला राहील. म्हणून टोक स्पिंडलपासून इन्सुलेट हवं आणि तरी बरोबर सेंटरला हवं.

१६ मिमीचा एमएस ब्राइट बार (साध्या पोलादाची गुळगुळीत सळई) घ्या. त्यात १२ चं बोअर करून हायलमचा (वीज न वाहणारं कडक प्लास्टिक) रॉड अराल्डाइटने बसवा आणि रात्रभर सुकू द्या. मग बाहेरचा व्यास आणि हायलममधलं ६ मिमीचं भोक एकाच सेटिंगमध्ये करा, मध्ये जॉब चकमधून काढू नका. भोक बोअर करून रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) मारा, नुसत्या ड्रिलवर विसंबू नका. त्यात ६ मिमीची ग्राउंड डॉवेल पिन (अचूक घासलेली पोलादी खुंटी) चिकटवा. नायलॉन घेऊ नका, दमट हवेत फुगतं. डेलरिन या प्लास्टिकवर अराल्डाइट नीट धरत नाही.

सेल, एलईडी आणि रेझिस्टर एका डबीत ठेवा; एक तार पिनेपासून डबीला, दुसरी डबीपासून मगरचिमट्याने थेट जॉबला. काही जण सेल आणि एलईडी बारच्या आतच बसवतात, पण मग करंट बेअरिंगमधून जातो आणि ग्रीसमुळे दिवा कधी पेटतो, कधी नाही. तार लोंबते खरी, पण भरवशाची. स्पिंडल मात्र बंदच ठेवायचं, प्लग काढून ठेवलात तर उत्तम.

सहावा_गिअर:
काकांशी सहमत, पण ताठ पिनेला स्प्रिंग नसते हे ध्यानात घ्या. विकतच्या फाइंडरचा बॉल स्प्रिंगने धरलेला असतो, थोडं पुढे गेलं तरी तो सरकून परत जागेवर येतो. इथे हँडल जास्त फिरलं तर हायलमचा जोड निखळेल. शेवटचा अर्धा मिलिमीटर अगदी सावकाश या. आणि दर वेळी एकाच बाजूने या, नाहीतर स्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना हँडल रिकामं फिरतं तो ढिलेपणा) मापात शिरेल.

हौशी_फिटर:
धन्यवाद दोघांनाही. पिन थोडी सेंटरबाहेर राहिली तर?

टूलरूम_काका:
थोडी राहतेच, कोलेटचाही रनआउट (फिरताना सेंटरपासून हटणं) असतो. टच घ्या, डायल वाचा, मागे या, स्पिंडल हाताने अर्धा फेरा फिरवा आणि त्याच कडेला पुन्हा टच घ्या. दोन्ही वाचनांची सरासरी काढा, रनआउट निघून जातो. जॉबचं सेंटर काढायचं असेल तर पिनेच्या एका बाजूला मार्करने खूण करा आणि समोरासमोरच्या दोन्ही कडांना तीच खूण लावा. मग पिनेचा व्याससुद्धा हिशोबात धरावा लागत नाही, बरोबर मध्य मिळतो. डीआरओ (टेबलची जागा थेट आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) नसेल तर मात्र दुसऱ्या कडेला उलट दिशेने यावं लागतं, तेव्हा बॅकलॅश मोजून वजा करा.

कडेच्या शून्यासाठी पिनेची त्रिज्या लागेल, ती मायक्रोमीटरने मोजून घ्या. एम६ टॉलरन्सची पिन नेमकी ६.००० नसते, ६.००४ ते ६.०१२ च्या दरम्यान असते.

सीएनसी_ताई:
ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवर दिवा पेटणार नाही, तो थर वीज वाहू देत नाही. हॉट रोल्ड (गरम लाटलेल्या) पोलादाच्या काळ्या पापुद्र्यावरही भरवसा नको. त्या जॉबना पतंगाचा कागदच बरा. बाकी जॉबला टच घेण्याआधी कडेची बर (कापताना राहिलेली धातूची बारीक किनार) काढा आणि तेल पुसा, ती राहिली तर दिवा कडेऐवजी तीच दाखवेल. प्रत्येक वेळी चिमटा पिनेला लावून दिवा तपासा. सेल उतरलेला असला तर पिन जॉबमध्ये घुसेपर्यंत कळत नाही.