मदत हवी आहे : एम८७ च्या आलेखात क्ष-किरणांचा बिंदू जागेवर बसत नाही

तिसरा_प्रहर : एम८७ या दीर्घिकेच्या गाभ्याच्या, म्हणजे तिथल्या कृष्णविवराच्या परिसराच्या, तेजाचा रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंतचा आलेख मी तीन आठवडे काढतो आहे. १.३ मिलिमीटर तरंगलांबीचा रेडिओ आणि हबलचा बिंदू ठीक बसतो, पण चंद्रा दुर्बिणीचा क्ष-किरणांचा बिंदू रेषेच्या कितीतरी वर जातो आणि स्विफ्ट या दुसऱ्या क्ष-किरण दुर्बिणीचा त्याहूनही वेगळा येतो. आकडेमोड चार वेळा तपासली आहे, कृपया पुन्हा तपासायला सांगू नये. सादरीकरण परवा आहे.

ध्रुवमत्स्य : निरीक्षणे कोणत्या वर्षांची आहेत, हे आपण लिहिलेलेच नाही.

खोडदकर : मुळात सुरुवात कमी वारंवारतेपासून करावी. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची निरीक्षणे घ्या, पाया पक्का होईल.

ध्रुवमत्स्य : त्या वारंवारतेला गाभ्यापेक्षा सभोवती पसरलेले रेडिओ ढगच अधिक तेजस्वी दिसतात, गाभ्याच्या आलेखात ती बेरीज घातली, तर एका चुकीच्या दोन होतील.

जिज्ञासू_नाना : ज्या कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, त्यातून पदार्थाचा वेगवान झोत कसा बाहेर पडतो, असा प्रश्न अनेकांना पडतो. झोत घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून परतणे अशक्य त्या सीमेच्या, बाहेरून, भोवती फिरणाऱ्या वायूची तबकडी आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या साहाय्याने निघतो.

तिसरा_प्रहर : नाना, हे मी विचारले नव्हते. १.३ मिलिमीटर आणि हबल २०१७ चे, चंद्रा २००५ ची. वर्षाने एवढा काय फरक पडणार?

ध्रुवमत्स्य : सगळा फरक तिथेच आहे. गाभ्यापासून एक विकलेपेक्षाही (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) कमी अंतरावर एचएसटी-१ ही झोतातली गाठ, म्हणजे तेजस्वी ठिपका, आहे. २००५ च्या सुमारास ती क्ष-किरणांत पूर्वीच्या पन्नासपटीहून अधिक उजळली होती. २०१७ च्या एप्रिलमध्ये अनेक दुर्बिणींनी एकाच सुमारास पाहिले, तेव्हा गाभा मंद असूनही या गाठीपेक्षा तेजस्वी होता.

सावकाश_बघा : वर्षाचा एवढा बाऊ नको. खरी गोम मोजणीच्या वर्तुळात, म्हणजे चित्रातल्या ज्या वर्तुळातला प्रकाश आपण मोजता त्यात, आहे. त्रिज्या किती घेतलीत?

तिसरा_प्रहर : पाच विकला. नेहमी तेवढीच घेतो.

सावकाश_बघा : मग गाठ आत आलीच. चंद्रा गाभा आणि गाठ वेगळे दाखवू शकते, पण आपणच दोन्ही एका वर्तुळात कोंबले. स्विफ्टला तर गाभा, गाठ आणि भोवतीचा तप्त वायू वेगळे करता येतच नाहीत.

ध्रुवमत्स्य : म्हणजे वर्ष आणि त्रिज्या दोन्ही चुकले, केवळ वर्तुळ लहान केल्याने २००५ चा गाभा २०१७ चा होणार नाही.

सावकाश_बघा : हे मान्य, पण आधी वर्तुळ.

तिसरा_प्रहर : ठीक, २०१७ ची चंद्राची निरीक्षणे घेऊन लहान वर्तुळाने मोजतो. मग फर्मी या गॅमा किरण दुर्बिणीचा बिंदूही काढून टाकू का?

ध्रुवमत्स्य : काढू नका, पण फर्मीची नजर इतकी ढोबळ आहे की तिला गाभा, गाठ आणि उरलेला झोत वेगळे दिसत नाहीत. तो बिंदू पोकळ खुणेने दाखवा आणि त्याखाली तसे लिहा. २०१७ च्या त्या अनेक दुर्बिणींच्या मोहिमेच्या विश्लेषणातही १.३ मिलिमीटरच्या चित्रात कृष्णविवराभोवतीचे वलय दाखवणारा प्रदेश आणि गॅमा किरण यांचा एकाच भागातून मेळ बसला नव्हता, तेव्हा सर्व बिंदूंतून एकच रेषा ओढण्याचा हट्ट सोडावा.